मले

वडसा, रविवार, संध्याकाळ

आज आजीच्या शोकसभेत मी वाईट वागले. वागायचंच होतं.

ती शिकवायची त्या शाळेचे जुने हेडमास्तर माइकवर म्हणाले, "बाईंची भाषा किती शुद्ध!" याच माणसानं पहिलीच्या पोरांसमोर तिला उभं करून 'मले' नाही, 'मला' असं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं होतं. पोरं हसली होती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आजीनं कुठल्याच कार्यक्रमात माइक धरला नाही. आणि आज शुद्ध?

मला आभार मानायला उठवलं. आभार गेले खड्ड्यात. मी विचारलं, "माह्या आजीनं कोणाकोणाले शिकवलं?"

मागून एक बाई म्हणाली, "मले." कोपऱ्यातून कोणीतरी, "मले बी." मग सगळीकडून मले, मले. हेडमास्तर आपल्या चपलांकडे बघत बसले. मी माइक घेऊन त्यांच्यापुढेच जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात त्यांच्या बाजूला बसलेला त्यांचा मुलगा उठला. बापाकडे न बघता म्हणाला, "मले बी."

म्हातारा माणूस तो. नको होतं का करायला? आजी असती तर रागावली असती.

मले तर अजून बरं वाटून राह्यलं.