गाळलेला नववा डबा

आप्पा, तुमच्याशी घातलेला एक वाद मी हरले आहे, आणि ते सांगायला तुम्ही गेल्यावर वीस वर्षं लावली.

दौंडच्या टॉकीजला तुम्ही ऑपरेटर, मी तुमची अकरावीतली पोरगी. कॉलेज सुटलं की केबिनमध्ये येऊन तीनचा खेळ फुकट बघायचा आणि वर मतं द्यायची, हा माझा धंदा. आजही तसंच आहे म्हणा. शिरूरला आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जुन्या सिनेमावर कुणी तोंड उघडलं की मी त्याला सोडत नाही. हाणामारीपेक्षा विनोदी सिनेमा करणं अवघड, हे माझं ठाम मत. आणि हसवणाऱ्या नटानं हसवावं, रडायच्या भानगडीत पडू नये, हे त्याहून ठाम होतं.

आई गेली त्याच वर्षी तो सिनेमा परत लागला. जन्मभर धडपडून, आपटून हसवणारा नट, आणि त्याला काम दिलेलं बायको वारलेल्या बापाचं. मी आठवडाभर कुरकुर केली. "आप्पा, माणूसच चुकीचा घेतलाय. ह्याला कुठं दुःख ठाऊक असतंय?" तुम्ही मशिनीतली उजेडाची कार्बनची कांडी सारखी करत म्हणालात, "आसंल बाई. तू म्हंतीस तर आसंल." आणि रिळाचा आठवा डबा संपला तसा नववा बाजूला ठेवून दहावा चढवलात. "वरवंडच्या लोकांची एसटी चुकती. आन् त्यात हाय काय, एक गाणं तर हाय." एरवी मॅनेजरनं गाणं कापायला सांगितलं तर त्याच्याशी भांडणारे तुम्ही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मला मतं द्यायची घाई.

मागच्या महिन्यात तो सिनेमा फोनवर सापडला, अख्खा. नवव्या डब्यात गाणं नाहीच. बाप पहिल्यांदा भाकरी थापतो, तव्यात टाकताना ती तुटते, पोरगी रडकुंडीला येते. तो तुकडा मिशीसारखा ओठावर धरतो आणि भुवया उडवतो. पोरगी हसते. मग तो चुलीकडं तोंड फिरवतो आणि बराच वेळ नुसती त्याची पाठ दिसत राहते.

आई गेल्यावर आपल्या स्टोव्हपुढं तुम्हीही तसाच तुकडा ओठावर धरला होतात. मी पोट धरून हसले होते. तुमच्या पाठीकडं मी बघितलंच नाही, आप्पा. आणि केबिनमध्ये तुम्हालाच विचारत होते, ह्याला कुठं दुःख ठाऊक.

त्या कामाला दुसरा कुणी चाललाच नसता. चुकलं माझं. रिळांचा तुमचा एक पत्र्याचा डबा माझ्याकडं आहे, त्यात मी सुई-दोरा ठेवते. हा कागद त्यातच राहील.

एक मात्र सांगायचं राहिलं. काल सिनेमा पुन्हा लावला, खास त्या जागेसाठी. बाप परात पुढं ओढतो तिथवर बघितला आणि बोटानं पुढं सरकवला. कुणाची एसटी चुकत नव्हती.