कच्च्या कामाची कोरी जागा

प्रिय ताई,

तुझी वैशू टीईटी पास झाली. शिक्षक व्हायला लागणारी ही परीक्षा तिच्या कॉलेजच्या गणित गटातून एकटी तीच पास झाल्याचं तिथल्या शेखबाबूंनी आज सकाळी फोनवर सांगितलं. हे तुला आनंदानं कळवायला हवं होतं. पण मी संशयात पडलो, म्हणून लिहितोय.

बाकीची पोरं गणितात नाही, बालमानसशास्त्रात अडकली म्हणे. तरी जानेफळच्या स्टँडवर चहावाला बोललाच, "काऊन भाऊ, सारे गणितवाले पडले अन् तुमचीच भाची कशी निघाली? वरून वजन आलं वाटते."

मी नुसता हसलो. तू आज हयात असतीस तर त्याला तिथंच गप्प केलं असतंस ना?

घरी येऊन वैशूची प्रश्नपत्रिका मागितली. गणिताच्या पानांवर कच्च्या कामाची जागा कोरी. एक आकडा नाही. इतकी वर्षं बातम्या तपासण्यात गेली, अशी कोरी जागा मला सोडवत नाही.

"कच्चं काम कुठंय?"

"केलं ना मामा."

"कुठं?"

"माह्यावर भरोसा नाई का तुमचा?"

 तुझ्या जुन्या वहीतलं नळ-टाकीचं गणित तिला घातलं, पुढं कागद सरकवला. तिनं कागद घेतलाच नाही. तिचं बोट गुडघ्यावर फिरू लागलं. मध्येच थांबलं, काही पुसल्यासारखं केलं, पुन्हा फिरलं.

ताई, मेहकरहून येताना बसमध्ये तू अशीच उद्या वर्गात शिकवायची गणितं करायचीस. "खाज सुटली काय गं?" म्हणून मीच चिडवायचो. ते कसं विसरलो?

तिचं उत्तर बरोबर वाटत होतं. तरी मी वहीचं शेवटचं पान उलटून तुझं उत्तर पाहिलंच. आणि तिनं मला पाहताना पाहिलं. मग माझ्यासाठी चहा ठेवला, पण जवळ बसली नाही. तू असंच केलं असतंस.

कुणीतरी निनावी तक्रार केलीय. सोमवारी तिला मूळ कागद आणि प्रश्नपत्रिका घेऊन बुलढाण्याला शिक्षण कार्यालयात बोलावलंय. तिथले साहेबही तीच कोरी पानं उलटतील.

मी सोबत जाणार आहे. साहेबांनी गणित घातलं, तर या वेळी मी शेवटचं पान शोधणार नाही. वैशूचं बोट थांबेपर्यंत साहेबांच्या तोंडाकडे बघत बसेन. हा शब्द तुला.

तुझा धाकटा,
दिनू