निळं लावलं की संपलं

७ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा! हॉटेलात कपबशा विसळ, ट्रकवर क्लीनर हो, असं करत आता सरकारी जंगलातला तणकाप्या. दादाने कधी नव्हे तो स्वतःहून फोन केला, म्हणून काम काय तेसुद्धा विचारलं नाही. पत्र्याची लांब खोली, ओळीने खाटा, भिंतीला कोयते. माझी खाट दादाशेजारी. दादा वाळलाय. एवढ्या उकाड्यात गळ्याला मफलर, आणि जेवतो सगळ्यांपासून लांब बसून. साहेब झालास का रे, म्हणून चिडवलं, तर हसलाही नाही.

९ नोव्हेंबर
वेल बाहेरून आलेली, झाडांवर चढून त्यांचा गळा आवळते. बुडाशी कापायची आणि खुंटाला लगेच औषध फासायचं. उशीर झाला की खुंट तोंड मिटून घेतो. औषधात निळा रंग असतो, म्हणजे कुठला खुंट झाला ते कळतं. मुकादमाचा नियम एकच: निळं लावलं की संपलं, तिकडे परत कुणी वळायचं नाही. मी म्हटलं, आमच्या मास्तरांनी मला पाचवीतच निळं लावलं होतं. सगळे खो खो हसले. दादा सोडून.

१२ नोव्हेंबर
लांब शेपटीच्या पक्ष्यामागे भरकटलो, नेहमीचंच. उतारावर वेलींचा माणसाएवढा ढीग, वर निळा फटकारा. औषध लावलंय तर पालवी कशी, म्हणून पानं बाजूला केली. आत बटण. मग शर्ट. शर्टात बरगड्या, आणि बरगड्यांमधून वर आलेली वेल.
धावत येऊन दादाला सांगितलं. म्हणाला, जनावर असेल. शर्ट घातलेलं? मग म्हणाला, कुणाला बोलू नकोस, सकाळी दोघं निघू. माझ्या मानेवर काट्याचा ओरखडा होता. पुढ्यात बसवून त्याने औषध लावलं, लहानपणी लावायचा तसं, फुंकर घालत. गार वाटलं.

१३ नोव्हेंबर
दादाने सामान बांधलेलंच नाही. सगळ्यांत बसून जेवतोय, मुकादमाच्या विनोदाला टाळ्या देतोय. मफलर नाही. मानेवर जुना निळा डाग, घासून घासून सालपटं निघालेली.
माझं ताट मांडलेलं नव्हतं. मुकादमाला विचारलं, तर तो माझ्याआरपार बघत राहिला.
मोरीवरच्या आरशात मान वळवून पाहिली. निळी. साबणाने जात नाही. रॉकेलने नाही.

१४ नोव्हेंबर
पळायला निघालो. वाटेवर वेल आडवी — काल नव्हती. परत आलो तर कोयते कुलपात.
खिडकीखाली उभं राहून ऐकलं. मुकादम सांगत होता, दर हंगामाला एक माणूस दिला की बाकीच्यांना वेल सोडते. यंदा दादाची पाळी होती. बदली माणूस आणला म्हणून सुटला.
बदली माणूस. म्हणजे तो फोन —

१५ नोव्हेंबर
खाटेसकट बांधलोय. रात्री वेल पत्रा उचकटून आत आली. उजवा हात तेवढा मोकळा. बाकीचे दारातून बघून कामावर गेले. हाका मारल्या. कुणी वळलं नाही. निळं —
दादा आलाय! कोयता आहे हातात. रडतोय. मला माहीत होतं, तो —
कोयता दाराशी ठेवला. डबा उघडतोय. म्हणतो पहिला हात पुसट बसला, ती दोघांत घोटाळा करेल.
ब्रश —
दादा, निदान फुंकर घा