खुर्चीचं शेवटचं कडवं

नॅशव्हिल,
९ ऑक्टोबर १९८९

प्रिय ओमाताई,

तुझं पत्र आणि सफरचंदाचा मुरांबा, दोन्ही पोचलं. बरणी फुटली नाही, हे टपालखात्याचे उपकार. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, कोंबड्यांमागे धावायचं वय गेलं आता. माझं तेच. सकाळी हॉटेलात लोकांना वाढायचं, दुपारी गाणी लिहायची. अठरा वर्षं झाली.

माझं गाणं रेडिओवर येणार हे आईने चर्चभर सांगून टाकलं, असं वाचून मी कपाळावर हात मारला. मोठा गायक गाणार, हे खरं. पण जरा दमानं घ्यायचं होतं गं.

इथली रीत ऐक. प्रकाशक एका खोलीत तिघांना बसवतो, आणि खोलीत जो बसला त्याचं नाव गाण्यावर चढतं, मग त्याने नुसती कॉफी ढवळली असली तरी. माझ्या वाट्याला ट्रेंट आणि रस्टी आले, दोघांची वयं मिळून माझ्याएवढी. मी आपल्या घरचंच गाणं काढलं. बाप त्या पार्लरवालीबरोबर पळाला, आणि आईने त्याची खुर्ची अंगणात पेटवून त्याच जाळावर घेवडा शिजवला, ते. आपण दोघींनी त्यात मक्याची भाकरी कुस्करून खाल्ली, तेसुद्धा घातलं.

ट्रेंट म्हणाला, "झकास आहे. पण जाळायला नको. ती खुर्ची रोज पुसते, वाट बघते. शेवटी तो येऊन बसतो."

"तो आला नाही," मी म्हटलं.

"अगं, गाण्यात यायला त्याचं काय जातंय?"

हॅस्लरसाहेब, म्हणजे आमचे प्रकाशक, म्हणाले, "रेडिओवर बायका वाट बघतात, व्हर्लीन. फर्निचर जाळत नाहीत." सगळे हसले. गायकालाही हाच शेवट आवडला. रेकॉर्डिंग झालंसुद्धा.

मी घसा बसेपर्यंत भांडले. पण गाणं कागदोपत्री प्रकाशकाचं, तिथं मला कोण विचारतो? माझ्या हातात एकच गोष्ट होती, ती मी केली. गाण्यावरून माझं नाव काढून घेतलं, ताई.

"वेडी आहेस," साहेब म्हणाले. "अशी संधी पुन्हा यायची नाही." यायची नाहीच, मलाही कळतं. परतताना रस्त्याने रडले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. पायावर धोंडा पाडून घेतला असं अजूनही वाटतं. फार संताप होतो गं, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नाही. पण आई त्या माणसाची वाट बघत झिजली, असं माझ्या नावाने देशभर वाजलं असतं. ते मला सोसलं नसतं.

पुढच्या महिन्यात गाणं लागेल. आई रेडिओ मोठा करेल, शेजारणींना बोलावेल. चाल तिला आवडेल, चाल माझीच आहे. मग तो माणूस येऊन खुर्चीत बसेल आणि आईचा चेहरा उतरेल. तेव्हा तू तिथं राहा. तिला सांग, "आई, हे आपल्या व्हर्लीनचं नव्हे. तिचं अजून लागायचंय." खोटं बोलतेय असं वाटून घेऊ नकोस.

आईची आणि तुझी,
व्हर्लीन