रबराचं हरीण

रविवार, संध्याकाळ. ब्रिस्टल

आज तिरंदाजी क्लबच्या मीटिंगमध्ये मी बाबांच्या विरोधात हात वर केला. धनुष्यावर नेम दाखवणारं भिंग चालू द्यायचं का, यावर मतदान होतं.

बाबा तावातावाने म्हणाले, "मग हरणाला काय संधी उरली?"

"अहो बाबा, हरीण रबराचं आहे!"

सगळे हसले. बाबा नाही.

मला नेम धरायला त्यांनीच शिकवलं, घरामागच्या गार्डनमध्ये. चुकले का मी? पण आता त्यांना ते निशाण्याचं रबराचं हरीणसुद्धा धूसर दिसतं. भिंग नसेल तर हा त्यांचा शेवटचा सीझन. हे चारचौघांत मी कसं सांगणार होते?

एका मताच्या फरकाने परवानगी मिळाली. गाडीत बाबांनी रेडिओ मोठा केला.

रागावू देत. उद्या त्यांच्या धनुष्यावर भिंग मीच बसवणार. हवं तर हरणाची माफी मागेन.