स्पर्धेआधीची इंजेक्शनं

नारायणगुडा, हैदराबाद
९ जानेवारी २०२५

तीर्थरूप त्रिवेणीताई,

अनुराधाचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता बरा असेल. तुम्ही उदगीरहून पाठवलेली कारळाची चटणी मिळाली. यांना मीठ कमी सांगितलंय, म्हणून मी ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, चोरून खाते.

तुमचे बंधुराज रोज दुकानात जातात. अफझलगंजचं गिऱ्हाईक यांचे दंड बघून अजूनही भाव करायचं विसरतं. एवढ्या धिप्पाड माणसाच्या किडन्या निम्म्याहून जास्त गेल्यात, हे कुणाला खरं वाटत नाही. यांना तर मुळीच नाही. ‘टेन्शन नक्को घेऊ, अनु. बॉडी बनवणाऱ्यांचं क्रिएटिनिन जास्तच येतं.’ पहिला रिपोर्ट आला तेव्हा जिममध्ये सगळे हेच म्हणाले, आणि आम्ही वर्षभर डॉक्टरकडे गेलोच नाही.

फोनवर हे शेजारी बसून ऐकतात, म्हणून पत्र लिहितेय.

स्टेरॉइडची इंजेक्शनं बंद झाली असं तुम्हाला सांगितलं होतं. तेव्हा ते खरं होतं. पावसाळाभर एकही घेतलं नाही. लघवीतून जाणारं प्रोटीन कमी झालं, पायांची सूज उतरली, डॉक्टरीणबाई खूश. पण दंडही उतरले. मग उकाड्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि कुणी भेटायला आलं की हे आतल्या खोलीत. बघून मलाही वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर बॉडीबिल्डिंगची राज्य स्पर्धा जाहीर झाली आणि इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. परवा मलाच टोचायला सांगत होते. मी हात मागे घेतला तर हसत म्हणाले, ‘डरती कायकू? ताई देणारच आहे ना एक किडनी. या गेल्या तर गेल्या.’

ताई, आई गेल्यावर यांना तुम्ही वाढवलंत. आजार कळला तेव्हा ‘माझ्यातली एक त्याचीच’ असं लगेच म्हणालात. आता त्याच शब्दाच्या जोरावर हे सुई टोचून घेतायत. आजही थांबले तर आहेत त्याच किडन्यांवर बरीच वर्षं निघतील, असं डॉक्टर म्हणतात. माझं हे ऐकत नाहीत.

पुढच्या महिन्यात तपासण्यांसाठी येऊ नका. यांना फोन करा आणि किडनी देणार नाही म्हणून स्पष्ट सांगा. चिडतील, कदाचित रडतीलही. ते मी बघून घेईन. हवं तर माझं नाव सांगा. नवऱ्याला मिळणारी किडनी बायकोनंच अडवली, असं लोक म्हणतील तर म्हणोत. मला हे जिवंत हवेत, आणि तुम्ही धडधाकट हव्यात.

तुमच्या नकाराची वाट पाहणारी,
अनुराधा