भरती स्थगित असल्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
जलक्रीडा विभाग, किनारा कार्यालय.

विषय : भरतीच्या कागदापायी अडकलेला परवाना सोडण्याबाबत.
संदर्भ : आपल्याच शिक्क्याचा कागद (भिजून वाळलेला).

महोदय,

तक्रार खिडकी क्रमांक दोनच्या कारकुनाच्या वागण्याची आहे. तो अर्ज वाचत नाही, विषय वाचतो. तोही अर्धा.

१. मी वय चौसष्ट, शिक्षण तिसरी. मी आणि माझा मुलगा पाहुण्यांना पॅडलबोर्डवरून, म्हणजे उभ्याने वल्हवायच्या फळीवरून, कड्याखालच्या समुद्रगुहा दाखवतो. कार्यालयाचे वेळापत्रक घेऊनच गुहेत शिरावे, असा नियम. म्हणून "भरतीचे वेळापत्रक मिळावे" असा अर्ज केला. कारकुनाला वाटले, नोकरभरती. उत्तर आले : "भरती पुढील आदेशापर्यंत स्थगित."

२. मी म्हटले, समुद्र कुणाच्या बापाचा आदेश मानत नाही. मुलगा पदवीधर. म्हणाला, "आई, शिक्का आहे!" शिक्क्यापुढे तिसरी गप्प बसली. पाहुण्यांआधी नवी गुहा पाहून येऊ म्हणून दोघेच आत गेलो. वळून बघतो तर गुहेचे तोंड पाण्याने बुजलेले, फळ्या छताला टेकलेल्या. सहा तास मायलेक एका कपारीत, पाणी कमरेला. मुलगा रडू लागला, तेव्हा तोच कागद मी त्याला मोठ्याने वाचायला लावला.

३. समुद्राने सहा तासांत सोडले. आपले कार्यालय चार महिने सोडत नाही. नोटीस आली, "भरती असताना गुहेत का शिरलात?" परवाना अडकला. मी हाच कागद पुढे केला. कारकून म्हणतो, हा नोकरभरतीचा, समुद्राच्या फाइलीत बसत नाही. नोकरीच्या फाइलीत दाखवायचा तर उमेदवार व्हा. म्हटले, होते उमेदवार. तर म्हणे, भरती स्थगित! इथे टेकायला कपारसुद्धा नाही. फळ्या भिंतीला उभ्या आहेत, आणि मुलगा परगावी गोदामात कामाला जायची पिशवी भरतो आहे. तो गेला की धंदा बुडाला. एकटीने मी पाहुणे सांभाळू शकत नाही.

तरी पुढच्या सोमवारी तो निघायच्या आत परवाना सोडावा.

वाकून नव्हे, पण मानाने,
आपली अर्जदार,
फळीवाली मावशी
(सही स्वतःची, अंगठा नव्हे)

सोबत : वरील कागद. मीठ झटकून वाचावा.

ता.क. : हा अर्ज आज खिडकीत दिला. कारकुनाने विषयातला पहिला शब्द वाचला आणि "भरती बंद आहे, मावशी" म्हणून परत सरकवला. म्हणून आपल्या टेबलावर स्वतः आणून ठेवते आहे. त्याला तोंडावर काय म्हटले, तेही नोंदीला असू द्या :

"लेकरा, एकदा माझ्या फळीवर चढ. तुझी भरती मी करून घेते."